सर्दीची गोळी आणि निकोटिनचा गम : बाजार किती आणि वाव कोठे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याजवळ बेताचे भांडवल आहे, हिमाचल प्रदेशातल्या बद्दीच्या कारखान्याकडून करारावर माल बनवून घेण्याची बोलणी झाली आहेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून खपणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या औषधांत उतरावे की तंबाखू सोडवण्यासाठीच्या निकोटिनच्या गम-गोळ्यांत, हे ठरवायचे आहे. मी नागपूरच्या घाऊक औषध बाजारात आहे आणि त्याआधीची काही वर्षे किरकोळ दुकानाच्या काउंटरवर काढली आहेत. त्यामुळे कंपनीकडून माल येतो कसा आणि गिऱ्हाईक तो मागते कसा, या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. माझे मत आधीच सांगतो. सर्दीचा बाजार मोठा आहे, पण तो भरलेला आहे, आणि जेथे नव्याला जागा आहे असे वाटते त्यातील एका भागात आपण जाऊ नये. निकोटिन पर्यायांचा, म्हणजे तंबाखूऐवजी निकोटिन देणाऱ्या गम, गोळ्या, पट्ट्यांचा, बाजार आज लहान आहे, पण त्यामागची गरज फार मोठी आहे. मात्र महाराष्ट्रात ती गरज मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्याची नसून तंबाखू-चुना आणि खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण) खाणाऱ्याची आहे, आणि आज मिळणारा गम त्या माणसाला नजरेसमोर ठेवून बनवलेलाच नाही.

आधी सर्दीचे पाहू. प्रौढ माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा आणि लहान मुलांना सहा-आठ वेळा सर्दी होते. ती दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकामुळे होऊ शकते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. व्यापाराच्या दृष्टीने या वाक्याचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आजार आपोआप बरा होणारा असल्यामुळे कोणतेही औषध घेतले तरी गिऱ्हाइकाला त्याचा गुण आला असेच वाटते, आणि म्हणून एक औषध दुसऱ्यापेक्षा चांगले आहे हे त्याला अनुभवावरून कधीच ओळखता येत नाही. अशा बाजारात निवड तीन गोष्टींवर होते : लहानपणापासून घरात पाहिलेली डबी, दूरदर्शनवर ऐकलेली जाहिरात, आणि ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटल्यावर दुकानदाराचा हात ज्या खणाकडे जातो तो खण. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला पैसे देऊनही लवकर मिळणार नाहीत. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत सुरू झाले, आणि विक्सच्या निळ्या डबीला तर आता घरातल्या वस्तूचीच प्रतिष्ठा मिळालेली आहे. तिसरी गोष्ट, म्हणजे दुकानदाराचा हात, स्कीम देऊन वळवता येतो. पण दहावर दोन फुकट देणारा नवा माणूस दर पावसाळ्यात बाजारात येतो आणि त्यातले बहुतेक पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसेनासे होतात.

पावसाळ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. परदेशी अहवाल वाचून सर्दीचा हंगाम म्हणजे हिवाळा असे अनेक नवे उद्योजक गृहीत धरतात आणि दिवाळीनंतर माल पाठवतात. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट जुलै ते सप्टेंबर या काळात येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. माल जूनच्या मध्यापर्यंत तालुक्याच्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, पोहोचला नाही, तर तो सप्टेंबरात पोहोचतो, मार्चपर्यंत पडून राहतो आणि शेवटी एक्सपायरीचा परतावा म्हणून आपल्याच दारात येतो. लहान कंपन्या विक्री कमी झाल्यामुळे बुडतात असे समजले जाते. मी पाहिलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याच या परताव्यात बुडाल्या.

आता कायद्याकडे वळू. आपण पाठवलेल्या टिपणात ‘ओटीसी परवाना’, म्हणजे चिठ्ठीवाचून विक्रीचा परवाना, असा शब्द आहे. असा परवाना आपल्या देशात नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे, आणि त्यांत ‘ओटीसी’ नावाचा वर्गच केलेला नाही. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स यांतील औषधांना चिठ्ठी लागते, आणि जे त्यांत नाही ते व्यवहारात चिठ्ठीवाचून विकले जाते, पण तेही परवानाधारक औषध दुकानातूनच. शेड्यूल के मधील घरगुती औषधांच्या यादीत पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, सर्दीसाठीचे इनहेलर, खोकल्याच्या गोळ्या अशा वस्तू आहेत, आणि एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात त्या मूळ बंद वेष्टनात परवान्याशिवाय विकता येतात. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने १६ औषधांना चिठ्ठीवाचून विक्रीची स्पष्ट मोकळीक देणारा मसुदा काढला होता. जास्तीत जास्त पाच दिवसांचे औषध द्यावे आणि गुण न आल्यास गिऱ्हाइकाने डॉक्टरांकडे जावे, अशी अट त्यात होती. मसुद्याच्या भरवशावर उद्योग उभा करता येत नाही, म्हणून आपण १९४५ चेच नियम प्रमाण धरावेत.

या अडचणीतून वाट म्हणून पुष्कळ जण आयुर्वेदिक परवान्याकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. विक्सचा बामसुद्धा भारतात आयुर्वेदिक औषध म्हणूनच विकला जातो. आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला परवाना लागत नाही. त्यामुळे ते किराणा दुकानात आणि एस.टी. स्टँडवरच्या टपरीवरही ठेवता येते, आणि त्याला औषध किंमत नियंत्रण आदेश लागू होत नाही. ॲलोपॅथीच्या गोळीत मात्र पॅरासिटामॉलसारखे नियंत्रित औषध आले की किमतीला कमाल मर्यादा येते आणि नफ्याचे प्रमाणही ठरून जाते : किरकोळ दुकानदाराला १६ टक्के आणि स्टॉकिस्टला ८ टक्के. अनियंत्रित मालावर हेच प्रमाण रूढीने २० आणि १० टक्के असते. ज्या मालावर चार टक्के जास्त मिळतात तो माल पुढच्या खणात येतो, ही साधी गोष्ट कंपनीत बसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पण आयुर्वेदिक वाट जितकी आपल्याला मोकळी तितकीच इतरांनाही मोकळी आहे. बाम, काढा, मध-तुळशीचे चाटण आणि आल्याच्या गोळ्या यांची इतकी नावे बाजारात आहेत की माझ्या गोदामात त्यांच्यासाठी वेगळी भिंत ठेवावी लागली आहे.

मिश्र गोळ्यांचे, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात त्यांचे, दुखणे वेगळे आहे. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्र औषधांवर एकदम बंदी घातली. त्यांत घरोघरी माहीत असलेली सर्दीची नावेही होती. प्रकरण न्यायालयात गेले, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर. अशी अधिसूचना रात्री निघते आणि सकाळी आमच्याकडे त्या मालाची विक्री थांबते. मोठी कंपनी हा धक्का पचवते, पण एकाच गोळीवर उभी असलेली कंपनी पचवू शकत नाही. शिवाय नाक मोकळे करण्यासाठी या गोळ्यांत सर्रास घातले जाणारे फिनाइलेफ्रिन पोटातून घेतल्यावर उपयोगी पडत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते चिठ्ठीवाचूनच्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे ते आजही चालते. मी स्वतः ते विकतो, कारण डॉक्टर लिहितात आणि गिऱ्हाईक मागते. पण आज स्वतःचे नवे नाव (ब्रँड) बाजारात आणणाऱ्या माणसाने आपल्या पहिल्याच गोळीत ज्याच्या उपयोगाबद्दल इतकी गंभीर शंका आहे ते द्रव्य घालावे, असे मी सांगणार नाही.

ज्या भागात आपण जाऊ नये असे मी वर म्हटले, तो लहान मुलांच्या सिरपचा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागातील मुलांची मूत्रपिंडे खोकल्याच्या एका सिरपमुळे निकामी झाली आणि वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक निघाले, आणि त्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. ज्या मिश्रणाचे ते सिरप होते, म्हणजे क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसे वेष्टनावर छापावे, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच केंद्रीय औषध नियंत्रकांनी काढलेला होता. त्या आठवड्यांत आमच्या बाजारात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. माझ्या पिढीच्या माणसांना १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे दगावलेले १४ रुग्ण आणि त्यानंतरचा न्यायमूर्ती लेंटिन आयोग आठवत होता. चाळीस वर्षांनी तेच विष, त्याच मार्गाने, पातळ औषधातल्या गोड द्रावकातून आले.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही, व्यवहाराचाही भाग त्यात आहे. १ मार्च २०२१ पासून औषध बनवणाऱ्याइतकीच ते आपल्या नावाने विकणाऱ्यावरही गुणवत्तेची जबाबदारी आहे. म्हणजे माल बद्दीला बनला तरी बाटलीवर आपले नाव असेल, तर न्यायालयात आपण उभे राहणार. सिरपचा द्रावक असलेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक पिंपाची आणि तयार झालेल्या प्रत्येक बॅचची गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासणी स्वतःच्या खर्चाने, स्वतंत्र प्रयोगशाळेत करून घेण्याची ऐपत आणि तयारी नसेल, तर सिरपला हात लावू नये. ती तयारी ठेवली तर बाटलीची किंमत बाजारभावापेक्षा वर जाते आणि माल उचलला जात नाही. बेताच्या भांडवलाला यातून सुटण्याचा मार्ग मला तरी सापडलेला नाही. औषध कारखान्यांसाठीच्या सुधारित नियमांनुसार, म्हणजे शेड्यूल एम नुसार, लहान कारखान्यांनाही आता कारखान्याची व्यवस्था सुधारावी लागत आहे. तेव्हा करार करण्यापूर्वी आपण ज्या कारखान्याशी बोलणी केली आहेत, त्याने ती किती सुधारली आहे हे स्वतः जाऊन पाहावे, नुसत्या कागदावर विसंबू नये.

मग सर्दीत काहीच नाही का? थोडे आहे. मिठाच्या पाण्याचे साधे थेंब आणि फवारे यांना डॉक्टरांचा पाठिंबा आहे, ते लहान मुलांना चालतात आणि त्यांची सवय लागत नाही. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरले तर नाक उलट अधिक चोंदते आणि माणूस बाटलीच्या आधीन होतो. अशी वर्षानुवर्षे थेंब घालणारी गिऱ्हाइके प्रत्येक दुकानदाराला नावानिशी माहीत असतात, आणि त्यांना मिठाच्या थेंबांकडे आणण्याचे काम अजून कोणी मनापासून केलेले नाही. नाकात घालण्याच्या नव्या नव्या जेलच्या मात्र नादी लागू नये. अमेरिकेत झायकॅम नावाच्या जस्तयुक्त जेलमुळे वास येणे बंद झाल्याच्या तक्रारी आल्यावर २००९ मध्ये एफडीएने ते न वापरण्याचा इशारा दिला, आणि कंपनीवरचा खटला पुढे थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सर्दीसारख्या आपोआप जाणाऱ्या आजारासाठी माणसाने कायमचे काही गमावावे, हे कोणत्याही नफ्याच्या हिशेबात बसत नाही.

आता ज्या विषयासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले तो. निकोटिनचा गम स्वीडनमध्ये ओव्हे फर्नो यांनी विकसित केला. पाणबुडीवर धूम्रपान करता येत नाही तेव्हा खलाशी तोंडातल्या तंबाखूवर वेळ निभावतात, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली. अमेरिकेत तो १९८४ मध्ये चिठ्ठीवर आणि १९९६ मध्ये चिठ्ठीवाचून मिळू लागला. मोठ्या कंपन्यांना या बाजाराचे मोल कळलेले आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २०२४ मध्ये हेलिऑन कंपनीची अमेरिकेबाहेरची निकोटिन पर्यायांची व्यापारी नावे (ब्रँड) सुमारे ५० कोटी पौंडांना घेण्याचा करार केला. भारतात सिप्लाचे निकोटेक्स हे नाव सर्वांना परिचित आहे, आणि मुंबईची रुसान फार्मा निकोटिनच्या पट्ट्या बनवते. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटिन पर्याय उपचाराचा समावेश झाला. त्याचा एक अर्थ असा की सरकारने त्याची गरज मान्य केली, आणि दुसरा असा की त्यावर किंमत नियंत्रण गृहीत धरूनच आपण हिशेब करावा. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीवाचून विकता येतो, ४ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. ही सवलत नियमाने दिलेली आहे आणि नियमानेच ती काढून घेता येते, याची जाणीव ठेवावी.

ई-सिगारेटचा विचार आपल्या टिपणात एका ओळीत आला आहे, तो तेथेच सोडून द्यावा. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. साठा सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पुड्यांचेही तसेच. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये त्यांतल्या एका कंपनीच्या २० प्रकारांना विक्रीची परवानगी दिल्यापासून मला त्यांच्याबद्दल वारंवार विचारणा होते. परंतु आपल्याकडे अन्नपदार्थात निकोटिन घालण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई आहे, म्हणजे ती पुडी खाद्य म्हणून विकता येत नाही, आणि औषध म्हणून विकायची तर औषधाचा परवाना हवा. कायद्याची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी, ज्याने तंबाखूला कधी हात लावलेला नाही अशा मुलाच्या ओठाखाली सुगंधी निकोटिन ठेवणारा धंदा आपण करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता गिऱ्हाईक कोण ते पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के आहे. पण आपल्या कामाचा आकडा पुढचा आहे : महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे ओढणाऱ्या एका माणसामागे खाणारे, मळणारे, दातांना मशेरी लावणारे सहाहून अधिक. आणि बाजारातला प्रत्येक गम, त्याचे वेष्टन, त्याची जाहिरात, आत घातलेले माहितीपत्रक, सगळे सिगारेट ओढणाऱ्या शहरी पुरुषाशी बोलते. ‘रोज किती सिगारेट ओढता’ या प्रश्नावरून मात्रा ठरवायला सांगणारे पत्रक हाती आल्यावर दिवसाला दोन पुड्या तंबाखू संपवणाऱ्या शेतमजुराने काय करायचे, याचे उत्तर त्यावर नसते. याच सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचे सांगितले आहे. सोडण्याची इच्छा आहे, पण तिला धरून औषधाच्या दुकानापर्यंत येणारी वाट नाही, हे माझे काउंटरवरचे निरीक्षण या आकड्याशी जुळते.

गम त्या माणसाला का चालत नाही, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण आपला माल काय असावा हे त्यावरून ठरेल. गम चघळायचा नसतो. दोन-चार वेळा चावून तोंडात चुरचुरले की तो गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव कमी झाली की पुन्हा थोडा चावायचा, आणि असे अर्धा तास चालवायचे. लोक तो साध्या च्युइंगगमसारखा चावतात, लाळ गिळतात, उचकी लागते, पोटात जळजळते, आणि ‘हे काही आपल्याला सोसत नाही’ म्हणून उरलेले पाकीट घरी पडून राहते. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की तंबाखूची चिमूट गालात धरून ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला गालात दाबून ठेवणे शिकवावे लागत नाही, ते त्याला सिगारेटवाल्यापेक्षा चांगले जमते, पण त्याला ते कोणी सांगतच नाही. कॉफी, सरबत, कोल्डड्रिंक यांनंतर लगेच गम घेतला तर निकोटिन नीट शोषले जात नाही. चहानंतरही पंधरा मिनिटे थांबावे असे मी सांगतो. आणि आपल्याकडे तलफ नेमकी चहाच्या घोटाबरोबर येते.

दुसरी अडचण तोंडाची. वर्षानुवर्षे खर्रा आणि सुपारी खाल्लेल्या माणसाच्या तोंडाची आतली त्वचा आक्रसून तोंड उघडणे कमी होते, दात झिजलेले किंवा हलणारे असतात. अशा माणसाला गम चावणेच जमत नाही. त्याला तोंडात विरघळणारी गोळी हवी. धूरविरहित तंबाखू सोडवण्याबाबतच्या अभ्यासांच्या २०१५ च्या आढाव्यातही (तो कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा) निकोटिनच्या विरघळणाऱ्या गोळीचा आणि व्हॅरेनिक्लिन या निकोटिन नसलेल्या औषधाचा उपयोग दिसला, गम आणि पट्टीचा तसा दिसला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धूम्रपानासाठी निकोटिन पर्यायांमुळे सोडण्याचे प्रमाण दीडपटीच्या आसपास वाढते हे नीट सिद्ध झालेले आहे, पण तोच पुरावा तंबाखू खाणाऱ्यावर तसाच लागू करता येत नाही. म्हणून आपण जर या क्षेत्रात उतरणार असाल तर गम नव्हे, विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी हा आपला पहिला माल असावा, आणि तिच्या परवान्याची व विक्रीच्या अटींची खात्री अन्न व औषध प्रशासनाकडून लेखी करून घ्यावी.

विदर्भातल्या खर्र्याबद्दल एक वेगळी सूचना. खर्र्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारीच अधिक असते, आणि सुपारीची स्वतःची वेगळी सवय लागते. निकोटिनची गोळी तंबाखूची तलफ भागवील, सुपारीची नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरवली गेलेली आहे, त्यामुळे ‘तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो’ असे सांगणाऱ्या माणसाला शाबासकी देऊन घरी पाठवता येत नाही. त्याला आपल्या गोळीने सगळे सुटेल असे वेष्टनावर सूचितसुद्धा करू नये.

आता पैशाचा हिशेब, कारण बाजाराचा आकार शेवटी त्यावरच ठरतो. पूर्ण उपचार बारा आठवड्यांचा. पहिले सहा आठवडे दिवसाला किमान नऊ, पुढचे तीन आठवडे सरासरी पाच आणि शेवटचे तीन आठवडे सरासरी तीन धरले, तर एकूण ५४६ नग होतात. एका नगाला दहा रुपये धरले तरी साडेपाच हजार रुपये. तंबाखू-चुन्यावर दिवसाला पंधरा रुपये घालवणारा माणूस त्याच चौऱ्याऐंशी दिवसांत १,२६० रुपये खर्च करतो. त्याला हा उपचार परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून तो दोन नग घेऊन जातो, जे कोणत्याही उपयोगाचे नसतात. याउलट प्रत्येकी तीस रुपयांचे तीन खर्रे रोज खाणारा त्याच काळात ७,५६० रुपये घालवतो. त्याच्यासाठी उपचार स्वस्त आहे. म्हणजे एकाच राज्यात, एकाच नगाला दोन अगदी वेगळ्या बाजारपेठा आहेत, आणि आपण किंमत ठरवताना कोणासाठी ठरवत आहोत हे आधी स्पष्ट हवे. पहिल्या माणसासाठी नग पाच रुपयांच्या खाली यावा लागेल. माझ्या अंदाजाने साध्या वेष्टनात, जाहिरातीवाचून, संस्थांना थेट पुरवठा केला तर ते शक्य आहे. दुकानदार आणि स्टॉकिस्ट यांच्या साखळीतून आणून, त्यावर स्कीम देऊन, ते शक्य नाही. स्वतः स्टॉकिस्ट असून मी हे लिहीत आहे, म्हणजे विचार करूनच लिहीत आहे.

संस्था म्हणजे कोण? साखर कारखाने, सूतगिरण्या, एस.टी.चे आगार, पोलीस वसाहती, बांधकामावरचे ठेकेदार. जेथे शंभर-दोनशे माणसे रोज एकत्र येतात, कामाच्या ताणाबरोबर तंबाखू मळतात आणि एकमेकांना देतात, तेथेच ती एकत्र सोडूही शकतात. मशेरी लावणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्या औषधाच्या दुकानात येऊन पुरुषासमोर हे मागणार नाहीत. त्यांच्यापर्यंत आशा सेविकांच्या मार्फतच जाता येईल, आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देता कामा नये.

एक शंका आपण विचारली नाही, पण आपला भागीदार विचारील. बारा आठवड्यांनी गिऱ्हाईक संपणारच असेल तर हा धंदा टिकेल कसा? काही कंपन्या या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाईक संपू न देण्यात शोधतात. गोळी गोड करतात, मुखवासासारखी सजवतात, आणि तंबाखू सोडलेला माणूस दोन-दोन वर्षे निकोटिन चघळत राहतो. मला ते मान्य नाही, आणि व्यवहारातही ते दूरदृष्टीचे नाही, कारण ज्या दिवशी अशा मालाचा गैरवापर डोळ्यांत भरेल त्या दिवशी चिठ्ठीवाचून विक्रीची सवलत जाईल आणि खरी गरज असलेल्यांची वाट बंद होईल. महाराष्ट्रातच तंबाखू वापरणारे दोन कोटींहून अधिक आहेत. त्यांतला शंभरात एक माणूस दर वर्षी पूर्ण उपचार घेऊ लागला तरी ते दोन लाखांहून अधिक उपचार होतात. हा आकडा मी मोठेपणा म्हणून देत नाही. एकच गिऱ्हाईक धरून ठेवण्याची गरज का नाही, एवढेच त्यातून दाखवायचे आहे.

आपल्या जागी मी असतो तर असे केले असते. सर्दीच्या बाजूला मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब एवढा एकच माल घेतला असता, तोही जूनच्या आधी बाजारात पोहोचेल असा, म्हणजे दुकानदारांशी ओळख राहते आणि रोजचा खर्च निघतो. उरलेले भांडवल निकोटिनच्या विरघळणाऱ्या गोळीवर लावले असते, पण सगळ्या राज्यात नव्हे. एक कारखाना आणि दोन तालुके निवडले असते, त्यांतल्या तीस-चाळीस दुकानदारांना प्रत्येकी एक दुपार बसवून गोळी कशी ठेवायची, कोणाला द्यायची नाही, हृदयविकार असलेल्याला आणि अठरा वर्षांखालच्याला डॉक्टरांकडे कसे पाठवायचे, हे शिकवले असते. पाकीट दोन नगांचे नव्हे, एका आठवड्याचे ठेवले असते. तंबाखूच्या वेष्टनावर छापलेला असतो तो १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक माझ्या पाकिटावरही छापला असता, आणि आतले पत्रक मराठीत, चिमूट आणि पुडीच्या हिशेबात लिहिले असते.

आणि पहिल्या सहा महिन्यांत विक्रीचा आकडा बाजूला ठेवून फक्त एक नोंद ठेवली असती : पहिल्या आठवड्याचे पाकीट नेलेल्यांपैकी चौथ्या आठवड्याचे पाकीट न्यायला किती जण परत आले. ही नोंद वहीत, दुकानवार ठेवावी. ज्या दुकानातून निम्मे लोक परत येतात तेथे दुकानदार काय बोलतो ते स्वतः जाऊन ऐकावे आणि तेच पुढच्या तालुक्यात शिकवावे. कोठूनही कोणी परत येत नसेल, तर माल वाढवू नये. तसे झाले तर मला कळवा, मी स्वतः येऊन त्या दुकानांत आपल्याबरोबर बसेन.